गच्ची गळतेय, गिलावा सुटतोय, राखीव निधी अपुरा: कॉन्डोमिनियममध्ये कोणता खर्च कोणाचा आणि कामाचा क्रम काय ठेवावा?

आठवामजला

आमचं कॉन्डोमिनियम आहे, म्हणजे सदनिका ज्याची त्याची आणि स्लॅब, गच्ची, लिफ्ट सगळ्यांची सामायिक. आठ मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर सहा, म्हणजे ४८ सदनिका. त्यांपैकी ३२ सदनिका ६० चौरस मीटरच्या आणि १६ सदनिका ९० चौरस मीटरच्या. इमारतीचं वय २२ वर्षं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग १४ वर्षांपूर्वीचं, त्यानंतर फक्त दिसतील त्या भेगा बुजवल्या गेल्या. लिफ्ट मूळचीच आहे.

आठव्या मजल्यावर छताला ओल आणि पोपडे आहेत. तिसऱ्या ते पाचव्या मजल्यांवर न्हाणीघरांना लागून असलेल्या भिंती ओल्या आहेत, आणि वरचे मालक खालच्यांचं म्हणणं मानत नाहीत. बाहेरून छज्जे आणि बाल्कनीच्या कडांचा गिलावा सुटून पडतो, काही ठिकाणी सळया उघड्या दिसतात.

कार्यकारिणीपुढचा प्रस्ताव असा : एका ठेकेदाराने गच्ची, गिलावा आणि रंग मिळून एकच ठोक रक्कम सांगितली आहे. राखीव निधीत त्याच्या साधारण एक तृतीयांश पैसे आहेत. तो सगळा निधी वापरायचा, उरलेली रक्कम प्रत्येक सदनिकेकडून समान वर्गणी म्हणून एका हप्त्यात घ्यायची आणि लगेच काम सुरू करायचं.

न्हाणीघरांच्या गळतीचा खर्च नेमका कोणाचा? वर्गणी समान असावी की क्षेत्रफळानुसार? कर्ज काढणं बरं की वर्गणी? आणि ठोक रकमेचं कंत्राट अशा कामाला चालतं का? सर्वसाधारण सभेपुढे मुद्देसूद मांडता येईल असं काही हवं आहे.

---

ओलावा

आधी तातडीचं. उघड्या सळया आणि सुटलेला गिलावा यांच्या खालची जाण्यायेण्याची जागा आजच बंद करा, सैल तुकडे हातोडीने ठोकून पाडून घ्या, तिथे जाळी बांधा. हे नेहमीच्या देखभाल खर्चात बसतं. त्यासाठी वर्गणीच्या ठरावापर्यंत थांबू नका.

आता न्हाणीघरं. पाणी कुठून येतंय हे ठरत नाही तोवर पैसे कोणी द्यायचे हेही ठरत नाही, त्यामुळे या प्रश्नाची सुरुवात चाचणीपासून होते. पहिला धागा ओल कधी वाढते यात असतो. वापर असो नसो, दिवसरात्र सारखी ओल असेल तर संशय दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या नळीवर. आंघोळी आटोपल्यावर काही तासांनी वाढत असेल तर सांडपाण्याची नळी, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या निचऱ्याच्या तोंडाखालचा पाणी धरून ठेवणारा भाग) किंवा फरशीखालचा थर. पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा, छज्जा. पावसाचं पाणी भिंतीच्या आणि कोब्याच्या थरांत साठून उशिरा झिरपतं, म्हणून ओल एक-दोन दिवसांनी दिसली तरी पावसाचा संबंध तुटत नाही. खालच्या मालकाला महिनाभर तारीख, वेळ आणि ओलाव्याच्या मीटरचं वाचन लिहून ठेवायला सांगा. भिंतीवर पेन्सिलीने जागा आखून रोज त्याच जागी वाचन घ्यायचं.

मग वरच्या घरात एकेक चाचणी, दोन्ही मालकांच्या समोर:

१) पुरवठ्याच्या नळीवर हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या, झडपा बंद करा आणि किमान एक तास दाबमापकाचा काटा पाहा. काटा उतरला तर नळी किंवा सांधा फुटका आहे.

२) काटा स्थिर राहिला तर नहाणी ट्रॅपचं तोंड रबरी बुचाने बंद करा, दाराशी ओल्या मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घाला आणि २५ मिमी पाणी २४ तास उभं ठेवा. खाली वाचन वाढलं तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपभोवतीचा कॉलर (नळी आणि स्लॅब यांमधली जागा बंद करणारा भराव) गेलेला आहे.

३) तेही ठीक निघालं तर पाण्यात रंग टाकून बूच काढा. खाली रंग दिसला तर ट्रॅपच्या पुढची नळी.

४) शेवटी फक्त भिंतीच्या टाइल्सवर अर्धा तास फवारा.

दोन चाचण्यांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. सगळ्या चाचण्या एकाच दिवशी उरकल्या तर खाली ओल वाढलेली दिसते, पण कोणत्या चाचणीने वाढली ते सांगता येत नाही, आणि वाद होता तिथेच राहतो.

ट्रॅपभोवतीच्या कॉलरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गळतीची ही फार नेहमीची जागा आहे. पीव्हीसी नळी गुळगुळीत असते, सिमेंटचा गिलावा तिला धरत नाही. शिवाय ती तापमानाने लांबते : दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ मिमी. म्हणजे तीन मीटरची उभी नळी २० अंशांच्या फरकाने चार मिमीच्या आसपास हलते. तिच्याभोवती घट्ट भरलेलं सिमेंट सुटणारच. नवीन ट्रॅप बसवताना नळीचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर इपॉक्सी लावावं, ते ओलं असतानाच वाळू चिकटवावी, भोवती न आकसणारा ग्राउट भरावा आणि वॉटरप्रूफिंगचा थर कॉलरवर चढवून ट्रॅपच्या तोंडाच्या आत उतरवावा. फरशीच्या सांध्यांत नुसतं पांढरं सिमेंट भरून हे बरं होत नाही. त्याने पाणी आत शिरायचं थोडं कमी होतं आणि काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते.

खर्चाचं उत्तर तुमच्या घोषणापत्रात (कॉन्डोमिनियम स्थापन करताना नोंदवलेला मूळ दस्तऐवज) आणि उपविधींत (संस्थेच्या कारभाराचे नियम) आहे. साधारणपणे एकापेक्षा जास्त घरांचं पाणी वाहणारी उभी नळी सामायिक असते. एकाच घराची आडवी फांदी, त्या उभ्या नळीच्या सांध्यापर्यंत, त्या घराची. स्लॅब सामायिक, पण वरच्या घराच्या फरशीचा आणि तिच्याखालच्या थराचा भार बहुतेक दस्तऐवजांत वरच्या मालकावर असतो. वाद होतो तो ‘मर्यादित सामायिक’ भागांवरून, म्हणजे बाल्कनी, खाजगी वापराची गच्ची, खिडक्या. तिथे वापर एकाचा, मालकी सगळ्यांची, आणि दुरुस्तीबद्दल दस्तऐवज काय म्हणतो ते शब्दशः वाचावं लागतं.

एक तक्ता करून सभेपुढे ठेवा. घटक, दुरुस्ती कोणी करायची, खर्च कोणाचा, त्यामुळे झालेलं इतर नुकसान कोणाचं. हे चार रकाने वेगळेच हवेत. बाल्कनीचंच उदाहरण घ्या. काम संस्थेने करणं शहाणपणाचं असतं, कारण वॉटरप्रूफिंग अखंड राहायला हवं. मात्र वरच्या टाइल्सचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. ‘करणार कोण’ आणि ‘भरणार कोण’ एकाच रकान्यात लिहिलं की हा फरक दिसेनासा होतो.

---

परांचीवाला

ओलावा यांनी घरातल्या पाण्याचं लिहिलं आहे, मी बाहेरचं आणि गच्चीचं घेतो.

तुमच्या कामाला ठोक रकमेचं कंत्राट नको. कारण साधं आहे : बिघडलेलं काँक्रीट किती हे परांची चढवून प्रत्येक फूट हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. जमिनीवरून दिसतो तो फक्त सुटलेला गिलावा. ज्याच्या आत पोकळी आहे पण अजून पडलेला नाही, तो दिसत नाही. ठोक रकमेत ठेकेदार एकतर मोठी जोखीम धरून दर फुगवतो, नाहीतर रक्कम संपत आली की पोकळ जागा वरून लिंपून रंग मारतो. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण तुम्हाला ती तीन-चार वर्षांनीच कळते.

सळई का गंजते हे सभेला सांगितलं तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या अल्कलीमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. मग ओल मिळाली की गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं आणि तो वरचं आवरण ढकलून फोडतो. म्हणून वरून सिमेंट लिंपलं तरी आत ढकलणं चालूच राहतं.

तपासणीत ठेकेदाराशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून किमान इतकं मागा. प्रत्येक दर्शनी बाजूचं हातोडी-वाजवून केलेलं नकाशांकन. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा : गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे, रंगहीन राहिलं तर तेवढ्या खोलीपर्यंत कार्बोनेशन पोचलं आहे, आणि ती खोली सळईवरच्या आवरणाशी ताडून पाहायची. खांब-तुळयांवर अल्ट्रासॉनिक चाचणी, म्हणजे ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवून आतल्या भेगा-पोकळ्यांचा अंदाज घेणं. शंका असेल तिथे हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी), ज्यात कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

दुरुस्तीची कृती निविदेतच लिहा. सैल काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमी जागा मोकळी होईपर्यंत फोडायचं. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. सळईचा फक्त पुढचा भाग घासला आणि मागचा गंज तसाच ठेवला तर तिथूनच परत फुगवटा येतो. सळई चारही बाजूंनी तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टने चकचकीत करायची. छेद २० ते २५ टक्क्यांहून जास्त झिजला असेल तर बाजूला नवीन सळई, किती लांबीची हे इंजिनिअर ठरवेल. मग जस्तयुक्त गंजरोधक लेप, त्यानंतर बाँडिंग कोट (जुनं आणि नवं जोडणारा लेप), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल), एका वेळी १० ते १५ मिमी. जाड थर एकदम थापला तर तो स्वतःच्या वजनाने सुटतो. बाँडिंग कोट सुकून गेल्यावर मॉर्टर लावलं तर तो कोट जोडण्याऐवजी वेगळं करणारा पडदा होतो. क्युरिंगची (थर ओला ठेवून पक्का होऊ देण्याची) मुदत आणि पद्धत उत्पादनाच्या पत्रकाप्रमाणे.

गच्ची. आधी जुना थर काढायचा की त्यावरच नवीन करायचा हा प्रश्न वजनाचा आहे. १०० मिमी सिमेंटचा थर दर चौरस मीटरला २०० किलोहून जास्त वजन टाकतो. आधीच एक कोबा असताना दुसरा चढवायचा तर इंजिनिअरची लेखी संमती हवी, नाहीतर जुना काढा. पाणी निघून जायला किमान १:१०० उतार. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या, आणि थर कठड्यावर ३०० मिमीपर्यंत चढवा. गळती गच्चीच्या मधोमध क्वचित असते. ती असते कोपऱ्यांत, पावसाळी पाईपच्या तोंडाशी, आणि अँटेना किंवा सौर पॅनेलसाठी नंतर मारलेल्या बोल्टांपाशी.

द्रवरूप पॉलियुरेथेन लावणार असाल तर मालाचा हिशेब स्वतः करा. तुमच्या मजल्यावर ४२० चौरस मीटर सदनिका, जिना-पॅसेज धरून गच्ची समजा ४८० आणि कठड्यावरचा चढाव ३०, एकूण ५१०. सुकल्यावर १.५ मिमी जाडी हवी आणि मालात आकारमानाने ८० टक्के घन भाग असेल तर ५१० × १.५ ÷ ०.८ = ९५६ लिटर. म्हणजे २० लिटरचे ४८ डबे. काम संपल्यावर ३० रिकामे डबे दिसले तर जाडी १ मिमीच्याही खाली आहे, हमीपत्र काहीही म्हणो. डबे गच्चीवर मोजून उघडायचे, सीलचे फोटो काढायचे आणि रिकामे डबे शेवटचं बिल होईपर्यंत आवारातच ठेवायचे.

थर पूर्ण पक्का झाल्यावर आणि त्यावर संरक्षक थर घालण्याआधी पाणी भरून ४८ तास चाचणी. २५ ते ५० मिमी पुरे. दर २५ मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला २५ किलो होतं, तेव्हा उत्साहात कठडाभर पाणी भरू नका.

कामाचा क्रम : उभ्या नळ्या आणि शाफ्ट (त्या नळ्या जातात ती उभी पोकळी), गच्ची, काँक्रीट, गिलावा आणि भेगा, खिडक्यांचे सांधे, आणि रंग शेवटी. नवीन गिलाव्यावर रंगाची घाई नको, साधारण २८ दिवस सुकू द्या. आतली ओल आणि अल्कली रंगाला टिकू देत नाहीत. छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी निथळून पडण्यासाठीची खाच नवीन गिलाव्यात परत काढली जाते आहे ना, ते पाहा. ती बुजली तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरळ भिंतीपर्यंत येतं.

---

ताळेबंद

कार्यकारिणीच्या प्रस्तावातली सगळ्यात काळजीची ओळ माझ्या दृष्टीने ‘सगळा राखीव निधी वापरायचा’ ही आहे. तुमची लिफ्ट मूळची, म्हणजे २२ वर्षांची. लिफ्टचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. गच्चीवर निधी संपवला तर तीन वर्षांत दुसरी मोठी वर्गणी येणार, आणि ती सभासदांना आज कोणी सांगितलेली नाही.

निधी पुरेसा आहे का हे मोजायची रीत अशी. प्रत्येक घटकासाठी आजचा बदलीचा खर्च, एकूण आयुष्य आणि झालेलं वय लिहा. आज हाताशी असायला हवी ती रक्कम म्हणजे खर्च × वय ÷ आयुष्य. रकमेऐवजी ‘भाग’ धरून तीनच घटक घेतो. गच्ची : खर्च १०० भाग, आयुष्य १५, वय १४, हवेत ९३. लिफ्ट : १८० भाग, आयुष्य २५, वय २२, हवेत १५८. पंप : २० भाग, आयुष्य १०, वय ४, हवेत ८. एकूण २५९. निधीत ९० असतील तर तुम्ही ३५ टक्के भरलेले आहात. ७० टक्क्यांच्या वर असलेला निधी सहसा भक्कम मानतात, आणि ३० च्या खाली गेला की विशेष वर्गणीची वेळ कधीही येऊ शकते. तुमच्या यादीत बाहेरचा रंग, गिलावा, पाण्याच्या नळ्या, अग्निशमन पंप, वाहनतळाचं कोबाकाम, फाटक, विजेचे मुख्य पॅनेल हे सगळं यायला हवं. यादी दरवर्षी सुधारा आणि तीन ते पाच वर्षांनी इमारत प्रत्यक्ष पाहून नव्याने करा. भाववाढ सोडू नका : दरवर्षी ६ टक्के धरली तर दहा वर्षांनंतरचा खर्च आजच्या १.७९ पट होतो.

समान की क्षेत्रफळानुसार, हे सभेच्या मर्जीचं नाही. घोषणापत्रात सामायिक खर्चाचा जो हिस्सा लिहिलेला आहे तोच लागू होतो. तो बदलायचा तर दस्तऐवज रीतसर बदलावा लागतो. फरक किती पडतो ते तुमच्याच आकड्यांवरून पाहा. एकूण क्षेत्र ३,३६० चौरस मीटर. क्षेत्रफळानुसार लहान सदनिकेचा हिस्सा १.७९ टक्के, मोठीचा २.६८ टक्के. समान वाटणीत दोघींचा २.०८ टक्के. म्हणजे लहान सदनिकेला सुमारे १७ टक्के जास्त आणि मोठीला २२ टक्के कमी भरावं लागेल. दस्तऐवजात क्षेत्रफळ असताना समान वर्गणीचा ठराव केलात तर एकच नाराज सभासद तो ठराव अडवू शकतो, आणि तोवर परांची उभी असेल.

वर्गणीची रक्कम काढताना दोन गोष्टी मिळवा. एक, छुपं काम निघेल म्हणून अंदाजाच्या १० ते १५ टक्के. दोन, उशिरा भरणारे. दहा टक्के वसूल व्हायला वेळ लागेल असं दिसत असेल तर गरजेच्या रकमेला ०.९ ने भागा, म्हणजे मागणी ११ टक्क्यांनी वाढते. हप्ते तीन किंवा चार ठेवा आणि त्यांच्या तारखा ठेकेदाराच्या बिलांच्या टप्प्यांच्या एक महिना आधीच्या ठेवा. वर्गणी वेगळ्या बँक खात्यात, दोन सह्यांनी. नेहमीच्या देखभालीसाठी त्यातून उसने घेऊ नका. घ्यावेच लागले तर परतफेडीच्या तारखेसह ठराव हवा.

कर्जाचं गणित सरळ आहे. वार्षिक १० टक्के दराने पाच वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत मुदलाच्या सुमारे २७.५ टक्के व्याज जातं. तरीही काही इमारतींत तो मार्ग योग्य ठरतो, विशेषतः निवृत्त मालक जास्त असतील तर. दस्तऐवजात मुभा असेल तर सभासदाला निवड द्या : एकरकमी भरणाऱ्यावर व्याजाचा बोजा नाही, हप्ते घेणाऱ्यावर कर्जाचं पूर्ण व्याज. बाकी कर्ज देणारा तुमच्या थकबाकीची यादी पाहणारच, म्हणून ३०, ६० आणि ९० दिवसांच्या रकान्यांत ती आत्ताच तयार करा.

---

आठवामजला

सगळ्यांचे आभार, हे छापून सभेत वाटणार आहे. तीन गोष्टी राहिल्या. चौथ्या मजल्यावरच्या एका सदनिकेचे मालक परगावी असतात, भाडेकरू चाचणीला घरात येऊ देत नाही. दुसऱ्या एका मालकाने बाल्कनी बंद करून खोलीत घेतली आहे आणि तिथे जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स बसवल्या आहेत. आणि इमारतीच्या विम्यातून यातलं काही मिळतं का?

---

उपविधी

प्रवेशाबद्दल. बहुतेक घोषणापत्रांत सामायिक भागाच्या दुरुस्तीसाठी आगाऊ सूचना देऊन सदनिकेत जाण्याचा हक्क संस्थेला असतो, आणि नळी फुटल्यासारख्या प्रसंगी सूचनेशिवायही. तुमच्या दस्तऐवजातलं कलम शोधा. नोटीस मालकाच्या नावे पाठवा, प्रत भाडेकरूला. नोटिशीत कलम क्रमांक, चाचणीचं नाव, तारीख आणि वेळ, पर्यायी दोन तारखा, कोण येणार त्यांची नावं आणि ‘प्रवेश न दिल्यास विलंबामुळे वाढणारं नुकसान मालकाच्या खाती’ हे वाक्य असावं. पोच जपून ठेवा. पुढे वाद झालाच तर चाचणीच्या निकालाइतकंच महत्त्व या कागदांना येतं. दार फोडणं किंवा पाणी तोडणं असे उपाय कोणी सुचवले तर ते आधी वकिलाला दाखवा.

बंद केलेली बाल्कनी. तीन गोष्टी तपासून घ्या. जुन्या फरशीवर टाइल्स चढवल्यामुळे पातळी दाराच्या उंबऱ्याइतकी आली का, निचऱ्याचं तोंड बुजलं का, आणि वजन किती वाढलं. बाल्कनी एका बाजूने टांगलेली असते, तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या थरात असते. वरून ओल झिरपली की नेमकी तीच सळई गंजते, म्हणून बाल्कनीच्या पृष्ठभागावर, भिंतीलगत समांतर भेग दिसली तर इंजिनिअर येईपर्यंत बाल्कनीचा वापर बंद आणि खाली टेकू. परवानगी न घेता केलेल्या बदलामुळे सामायिक भागाच्या दुरुस्तीसाठी जे काढावं लागेल ते काढण्याचा आणि परत बसवण्याचा खर्च मालकावर टाकता येईल असं कलम उपविधींत नसेल तर याच सभेत घालून घ्या.

यापुढे नूतनीकरणाच्या अर्जात मालकाकडून काय मागायचं तेही ठरवा : न्हाणीघराची फरशी काढणार असाल तर नवीन वॉटरप्रूफिंगची २४ तासांची पाण्याची चाचणी, खालच्या मालकाची सही घेऊन. ओली जागा खालच्या झोपण्याच्या खोलीवर सरकवायची नाही. तुळईला किंवा खांबाला भोक नाही. ठेकेदाराचा विमा आणि राडारोड्यासाठी अनामत.

विम्यातून गच्चीचं काम निघणार नाही. झीज आणि हळूहळू झिरपणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं, मिळतं ते अचानक फुटलेल्या नळीसारख्या घटनेचं नुकसान, आणि तेही दाव्यातला ठरलेला स्वतःचा वाटा वजा करून. तो वाटा संस्थेने भरायचा की ज्या घरातून पाणी आलं त्या मालकाने, हे उपविधींत लिहा. विम्याची रक्कम मात्र जरूर तपासा. ती इमारत पुन्हा बांधायच्या खर्चाइतकी हवी, सदनिकांच्या बाजारभावाचा इथे संबंध नाही. रक्कम त्या खर्चाच्या ६० टक्केच असेल आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर लहानशा नुकसानीचेही ६० टक्केच मिळतात. आतल्या भिंतींचा रंग, फर्निचर, मालकाने केलेल्या सुधारणा हे इमारतीच्या पॉलिसीत आहे की नाही तेही वाचा. नसेल तर प्रत्येक मालकाने आपला वेगळा विमा घ्यायचा.

---

ताळेबंद

कंत्राटाच्या पैशांबद्दल राहिलं होतं. आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या वर नको, आणि तीही बँक हमीवर. प्रत्येक बिल बाबवार दर गुणिले संयुक्त मोजमाप असं. मोजमाप वहीवर ठेकेदार, इंजिनिअर आणि कार्यकारिणीचा एक सदस्य यांच्या सह्या. प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के राखून ठेवा. त्यातलं अर्धं काम संपल्यावर आणि उरलेलं दोषदायित्वाची (निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची) किमान १२ महिन्यांची मुदत, म्हणजे एक पूर्ण पावसाळा पार पडल्यावर द्या. माझ्या मते वर्गणीची किमान ६० टक्के रक्कम जमा झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नये.

---

परांचीवाला

६० टक्क्यांचा नियम रंगासाठी ठीक आहे, पण उघड्या सळयांना तो लावू नये. इंजिनिअरने एखादा खांब किंवा बाल्कनी धोक्याची ठरवली तर टेकू आणि तेवढी दुरुस्ती राखीव निधीतून लगेच करा. वसुलीचा तिच्याशी संबंध ठेवू नका.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर काम कसं तोडायचं हेही ठरवा. कामाच्या प्रकाराने तोडू नका, म्हणजे यंदा सगळीकडे काँक्रीट आणि पुढच्या वर्षी सगळीकडे रंग असं नको. तसं केलं तर परांचीचा खर्च दोनदा पडतो. नळ्या आणि गच्ची आधी, मग इमारतीची एकेक बाजू घ्या : परांची उभी, ठोकून तपासणी, काँक्रीट, गिलावा, सांधे, रंग, परांची उतरली. सुरुवात पावसाचा मारा सगळ्यात जास्त असलेल्या बाजूने करा. ती संपली की मोजमाप वहीतल्या खऱ्या परिमाणांची अंदाजाशी तुलना करा. पॉलिमर मॉर्टर अंदाजाच्या दीडपट लागलं असेल तर उरलेल्या बाजूंचा अंदाज तिथेच सुधारा आणि दुसऱ्या हप्त्याची रक्कम त्यावरून सभेपुढे ठेवा. निविदेत यासाठी एक अट हवी : परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं-घटलं तरी बाबवार दर तोच राहील, त्यापलीकडे गेलं तर दर नव्याने ठरेल, आणि वाढीव काम इंजिनिअरच्या लेखी आदेशाशिवाय मोजलं जाणार नाही.